दोन अंश म्हणजे किती अंश?

विद्यार्थिमित्रांनो, सेल्सिअसचे फॅरनहाइट आणि फॅरनहाइटचे सेल्सिअस कसे करायचे हे तुम्हांला शाळेत शिकवलेले आहे. सूत्र पाठ आहे, उदाहरणे सोडवून झाली आहेत आणि परीक्षेत त्यावरचे दोन गुण सहसा चुकत नाहीत. मीही महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो, आणि हे सूत्र आजवर फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. असे असूनही याच विषयात मी एकदा चांगला फसलो. ती हकिगत आधी सांगतो आणि मग माझे म्हणणे मांडतो.

माझा भाचा शिक्षणासाठी परगावी वसतिगृहात राहतो. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

"मामा, अंगात जरा ताप आहे."

"मोजलास का?"

"हो, मोजला ना. नेहमीपेक्षा दोन अंश जास्त आहे."

मी मनातल्या मनात ९८.६ मध्ये दोन मिळवले. उत्तर आले १००.६. म्हणजे नुसती कणकण. "पाणी भरपूर पी, मऊ भात खा आणि लवकर झोप. उद्या बघू," असे सांगून मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला. भाचा थंडीने कुडकुडत होता आणि ताप 'चाळीस' झाला होता. चाळीस हा आकडा ऐकला तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोराजवळचा थर्मामीटर सेल्सिअसचा होता! आदल्या संध्याकाळी तो म्हणाला ते दोन अंश ३७ च्या वरचे होते. म्हणजे ताप ३९ अंश सेल्सिअस, अर्थात १०२.२ अंश फॅरनहाइट होता. आणि आता तो १०४ झाला होता. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायला सांगितले. रक्त तपासले तेव्हा मलेरिया निघाला. औषध सुरू झाले, तो बरा झाला आणि आता ठणठणीत आहे. पण उपचाराविना एक अख्खी रात्र गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

आता गंमत पाहा. भाचा खोटे बोलला नव्हता. माझी बेरीजही चुकलेली नव्हती. त्याचे अंश मी माझे अंश समजलो, एवढीच काय ती चूक. मला सूत्र येत होते, पण सूत्रापर्यंत जाण्याचे मला सुचलेच नाही, कारण 'दोन अंश' ऐकल्यावर 'कोणते अंश?' हा साधा प्रश्न मी विचारला नाही. तेव्हापासून माझे असे मत झाले आहे की, तापमानाचे रूपांतर आपण शिकवतो ते अर्धेच शिकवतो. आकडा कसा बदलायचा ते आपण सांगतो. पण तो आकडा कशाचा आहे हे ओळखायला शिकवत नाही.

आकडा कशाचा असू शकतो? माझ्या मते तीन गोष्टींचा. पहिली गोष्ट म्हणजे स्थान: 'आज नागपुरात ४५ अंश तापमान आहे.' दुसरी म्हणजे फरक: 'कालच्यापेक्षा आज ३ अंश जास्त आहे.' आणि तिसरी म्हणजे पट: 'हे तापमान त्याच्या दुप्पट आहे.' तिन्ही वाक्यांत तापमानच आहे. पण तिन्ही ठिकाणी रूपांतराची रीत निराळी आहे. ती का निराळी आहे हे एकदा डोळ्यांपुढे आले, की पाठांतराची फारशी गरज उरत नाही.

एक उंच भिंत आहे आणि तिला लागून दोन जिने आहेत अशी कल्पना करा. भिंतीवर दोन खुणा केलेल्या आहेत. खालच्या खुणेपाशी पाणी गोठते, वरच्या खुणेपाशी ते उकळते. (हवेचा दाब समुद्रसपाटीवर असतो तेवढा धरू या.) या दोन खुणांच्या मधल्या उंचीत सेल्सिअसच्या जिन्याला १०० पायऱ्या आहेत, तर फॅरनहाइटच्या जिन्याला १८०. साहजिकच फॅरनहाइटची पायरी बुटकी आहे. सेल्सिअसच्या ५ पायऱ्या चढल्या की जेवढी उंची गाठली जाते, तेवढीच उंची गाठायला फॅरनहाइटच्या ९ पायऱ्या चढाव्या लागतात. ही झाली पायरीच्या उंचीची गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे पायऱ्यांना क्रमांक कोठून द्यायला सुरुवात केली आहे. सेल्सिअसच्या जिन्यावर शून्य क्रमांक खालच्या खुणेपाशीच लिहिला आहे. फॅरनहाइटच्या जिन्यावर मात्र शून्य त्या खुणेच्याही खाली, आपल्या ३२ पायऱ्या सोडून लिहिला आहे.

तुमच्या सूत्रात हे दोन्ही तपशील आलेले आहेत:

फॅ. = (९/५ × से.) + ३२

यातले ९/५ पायऱ्यांच्या उंचीबद्दल सांगतात आणि ३२ क्रमांकाच्या सुरुवातीबद्दल. तुम्ही कितव्या पायरीवर उभे आहात असे कोणी विचारले, तर दोन्ही तपशील लागतात. पण 'तुम्ही आताच किती पायऱ्या वर चढलात?' असे विचारले, तर क्रमांक कोठून सुरू झाले याच्याशी त्याचा काय संबंध? तेथे फक्त पायरीची उंची लागते. म्हणून फरकाचे रूपांतर करताना ९/५ ने गुणायचे आणि ३२ ला हात लावायचा नाही.

हे सोपे वाटते ना? मग पुढचा प्रश्न आपल्या वर्गात विचारून पाहा. सकाळी खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअस होते, दुपारी ते ३५ झाले. तापमानात फॅरनहाइटचे किती अंश वाढ झाली? मी हा प्रश्न दरवर्षी पहिल्या तासाला विचारतो, आणि बारावीला उत्तम गुण मिळवून आलेली मुलेसुद्धा झटकन सांगतात, "पन्नास!" दहाला सूत्रात घालायचे, ९/५ ने गुणायचे, ३२ मिळवायचे, पन्नास तयार. आता पडताळा घ्या. २५ अंश सेल्सिअस म्हणजे ७७ अंश फॅरनहाइट आणि ३५ म्हणजे ९५. वाढ झाली १८ अंशांची. सूत्र तेच, आकडेमोड निर्दोष, आणि उत्तर मात्र जवळजवळ तिप्पट!

कोणी म्हणेल, "सर, हे वर्गातले कोडे झाले. बाहेर कोण असे चुकते?" मी कसा चुकलो ते वर सांगितलेच आहे. आता हवामानाचे घ्या. आपल्या हवामान खात्याच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असेल आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल, तर तेथे उष्णतेची लाट आहे असे म्हणतात. फरक त्याहूनही अधिक असेल तर लाट तीव्र. हे एकच वाक्य नीट पाहा. त्यातला ४० हा आकडा स्थानाचा आहे आणि ४.५ हा फरकाचा. हेच वाक्य फॅरनहाइटमध्ये लिहायचे झाले, तर ४० चे १०४ होतील आणि ४.५ चे ८.१. दोन्हींना एकच रीत लावणारा ४.५ चे ४०.१ करून बसेल आणि तशी लाट पृथ्वीवर कधी येणारच नाही.

याहून मोठे उदाहरण साऱ्या जगाच्या काळजीचे आहे. २०१५ साली पॅरिस येथे झालेल्या करारात राष्ट्रांनी असे ठरवले की, औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या तुलनेत पृथ्वीच्या सरासरी तापमानातील वाढ २ अंश सेल्सिअसच्या बरीच खाली ठेवायची आणि ती १.५ अंशांवर रोखण्याचा प्रयत्न करायचा. ही वाढ आहे, म्हणजे फरक आहे. फॅरनहाइटमध्ये ती अनुक्रमे ३.६ आणि २.७ अंश होते. आता एखाद्याने मोबाइलमधल्या रूपांतराच्या सोयीत '२ अंश सेल्सिअस' घातले, तर उत्तर येईल '३५.६ अंश फॅरनहाइट'. यंत्राचे काही चुकले नाही. त्याला तुम्ही स्थान विचारले असे ते धरून चालले. पण हा आकडा कोणी 'वाढ' म्हणून छापला, तर मे महिन्यातली ३८ अंशांची दुपार ५७.८ अंश सेल्सिअसवर जाऊन पोहोचेल! "आता यंत्रे आहेत, मग ही रूपांतरे शिकायची कशाला?" असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. गुणाकार यंत्र करील. पण हातातला आकडा स्थानाचा आहे की फरकाचा, हे यंत्राला आधी तुम्हीच सांगायचे असते.

ही चूक आपण दुसऱ्या एका मोजमापात कधीच करत नाही, हे मला नेहमी नवलाचे वाटते. ते मोजमाप म्हणजे काळ. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक इसवी सन १६७४ मध्ये, म्हणजे शके १५९६ मध्ये झाला. महाराजांचे निधन इसवी सन १६८० मध्ये, म्हणजे शके १६०२ मध्ये झाले. इसवी सनावरून शक काढायचा तर आपण साधारणपणे ७८ वजा करतो. पण राज्याभिषेकानंतर महाराजांनी किती वर्षे राज्य केले, असे विचारले तर सहा वर्षे हे उत्तर दोन्ही गणनांत सारखेच येते. त्या सहांतून ७८ वजा करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. तसेच सन १६७४ हे सन ८३७ च्या 'दुप्पट' आहे असेही आपण कधी म्हणत नाही, कारण वर्षे मोजायला सुरुवात कोठून केली ही माणसाने ठरवलेली बाब आहे हे आपल्याला ठाऊक असते. तापमानाच्या बाबतीत मात्र हे भान सुटते.

तेथेही शून्य माणसानेच ठरवले, हे इतिहासावरून स्पष्ट दिसते. फॅरनहाइट या उपकरणे बनवणाऱ्या शास्त्रज्ञाने १७२४ साली आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान त्याने शून्य धरले, बर्फ आणि पाण्याच्या मिश्रणाला ३२ हा आकडा दिला आणि माणसाच्या शरीराला ९६. पुढे पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ धरून ही पट्टी पक्की करण्यात आली, तेव्हा शरीराचे तापमान ९८ च्या वर सरकले. स्वीडनमधील अँडर्स सेल्सिअस याने १७४२ साली शंभर भागांची पट्टी सुचवली, ती तर आजच्या उलट होती. त्याने पाणी उकळते तेथे ० आणि गोठते तेथे १०० लिहिले होते! १७४४ साली तो वारला आणि त्यानंतर ती पट्टी उलटी फिरवण्यात आली. सेल्सिअसची मूळ पट्टी टिकली असती तर ताप चढला की आकडा उतरला असता.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे पटीकडे वळू. 'काल २० अंश तापमान होते, आज ४० आहे. उष्मा दुप्पट झाला,' असे वाक्य सहज बोलले जाते. हेच आकडे फॅरनहाइटमध्ये लिहा: ६८ आणि १०४. कोठे आहे दुप्पट? हवा तीच, दोन्ही दिवस तेच, आणि पट्टी बदलताच 'दुप्पट' नाहीशी झाली. याचा अर्थ ती दुप्पट हवेत नव्हती, आपल्या पट्टीत होती. शून्य भिंतीच्या मध्येच कोठेतरी रंगवलेले असेल, तर तेथून मोजलेल्या क्रमांकांची पट काढण्यात अर्थ नसतो. खरी पट काढायची तर जमिनीपासून मोजले पाहिजे.

तापमानाच्या जिन्याला अशी जमीन आहे का? आहे. ० अंश सेल्सिअसला वायूचे जे आकारमान असते, त्याच्या सुमारे १/२७३ इतके ते प्रत्येक अंशागणिक घटते (दाब कायम असताना). हा आलेख खाली वाढवत नेला तर उणे २७३ अंशांच्या आसपास तो आकारमानाच्या शून्याला टेकतो. खरा वायू तेथवर पोहोचण्यापूर्वीच द्रव होतो, ही गोष्ट वेगळी. पण त्या जागेखाली पायरी नाही, हे उष्णतेच्या अभ्यासावरून पक्के ठरले. विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८४८ साली निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली. त्यांच्या नावाच्या जिन्याची पायरी सेल्सिअसच्या पायरीएवढीच आहे; फक्त क्रमांक जमिनीपासून, २७३.१५ पायऱ्या खालून सुरू होतात. १९६७ सालापासून या एककापुढे 'अंश' हा शब्दही लावत नाहीत. ३०० अंश केल्व्हिन न म्हणता नुसते ३०० केल्व्हिन म्हणतात. आणि २०१९ पासून तर केल्व्हिनची व्याख्या पाण्याच्या आधाराने न करता बोल्ट्झमन स्थिरांकाच्या निश्चित मूल्यावरून केली जाते. पाणी गोठण्या-उकळण्याच्या खुणांची गरज व्याख्येला आता उरलेली नाही.

या जमिनीपासून मोजले तर कालचे २० अंश म्हणजे सुमारे २९३ केल्व्हिन आणि आजचे ४० म्हणजे सुमारे ३१३ केल्व्हिन. वाढ जेमतेम ७ टक्के! तुमच्या सायकलचेच उदाहरण घ्या. सकाळी २७ अंश सेल्सिअसला हवा भरलेले चाक दुपारी उन्हात ५७ अंशांपर्यंत तापले. ट्यूबचे आकारमान फारसे बदलले नाही असे धरले, तर आतल्या हवेचा एकूण दाब किती वाढेल? सेल्सिअसच्या आकड्यांची पट घेतली तर तो दुपटीहून अधिक व्हायला हवा, आणि मग मे महिन्यात गावोगावी सायकली फटाक्यांसारख्या वाजल्या असत्या. केल्व्हिनमध्ये मोजा: ३०० चे ३३० झाले, म्हणजे दाब दहा टक्क्यांनी वाढला. वायूंच्या नियमांत केल्व्हिनच का वापरायचे, हे पाठ करायची गरज नाही. त्या नियमांत पट असते, आणि पट काढायला जमिनीपासूनचे मोजमाप लागते.

थंडीच्या टोकालाही हेच दिसते. द्रवरूप हेलियम उणे २६९ अंश सेल्सिअसला उकळते आणि द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ ला. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच 'भयंकर थंड' वाटतात. केल्व्हिनमध्ये मात्र एकाचा आकडा सुमारे ४.२ आहे आणि दुसऱ्याचा सुमारे ७७, म्हणजे अठरा पटींचा फरक. १९८७ साली ७७ केल्व्हिनच्या वरच अतिसंवाहक होणारा पदार्थ सापडला तेव्हा जगभरचे पदार्थवैज्ञानिक का हरखून गेले, हे या पटीवरून ध्यानात येईल.

एवढे सगळे सांगितल्यावर एक सूचना हमखास पुढे येते: "फॅरनहाइट टाकूनच द्या ना!" तत्त्वतः मला ती मान्य आहे. शाळेत, प्रयोगशाळेत आणि हवामानाच्या बातमीत आपण सेल्सिअस केव्हाच स्वीकारले आहे. पण घराघरांत आजी अजून 'एकशे दोन ताप' असेच म्हणते, आणि तिचे म्हणणे घरातल्या सगळ्यांना आणि डॉक्टरांनाही नेमके कळते. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. दोन्ही नाणी हातात होती आणि हिशेब करताना लोकांची तारांबळ उडत असे. तापाच्या बाबतीत आपण अजून त्याच संधिकाळात आहोत, आणि गोंधळ होतो तो अशाच काळात. आज मिळणाऱ्या बऱ्याच डिजिटल थर्मामीटरवर बटन दाबून पट्टी बदलता येते; नकळत बटन दाबले गेले की एकाच घरात काल ९९ आणि आज ३८ दिसू लागतात. म्हणून फॅरनहाइट जाईल तेव्हा जाईल, तोवर दोन्ही पट्ट्यांत शहाणपणाने वावरायला शिकले पाहिजे.

जाता जाता ९८.६ या आकड्याबद्दलही थोडे. त्यातल्या दशांशामुळे तो फार काटेकोर वाटतो. व्हुंडरलिख या जर्मन वैद्याने १८६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असंख्य रुग्णांच्या नोंदींवरून निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस असे दिले. ३७ ला सूत्रात घातले की ९८.६ मिळतात. पूर्णांकात सांगितलेल्या सरासरीला रूपांतराने दशांश चिकटला, एवढेच! १९९२ साली अमेरिकेत निरोगी माणसांची तापमाने मोजली तेव्हा सरासरी ९८.२ आली. शरीराचे तापमान दिवसभरातही थोडे खालीवर होते. तेव्हा ९८.८ दिसले म्हणून घाबरू नका. रूपांतर केल्याने आकडा बदलतो, त्याची अचूकता वाढत नाही, एवढे लक्षात असू द्या.

शिक्षकबंधुभगिनींना माझी नम्र सूचना अशी आहे. हा धडा सूत्राने सुरू करण्याऐवजी आलेखाने सुरू करावा. आडव्या अक्षावर सेल्सिअस, उभ्या अक्षावर फॅरनहाइट घ्यावे, (०, ३२) आणि (१००, २१२) हे दोन बिंदू जोडावेत. गणिताच्या तासाला शिकलेली सरळ रेषा मुलांना समोर दिसेल. रेषेचा चढ ९/५, आणि उभ्या अक्षाला ती छेदते ती जागा ३२. स्थान वाचायचे तर पूर्ण रेषा लागते. फरकाला नुसता चढ पुरतो. शिवाय चाचणीत निदान एक प्रश्न 'वाढ' किंवा 'घट' यांच्या रूपांतराचा असावा. आपण विचारत नाही ते मुले शिकत नाहीत, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. काही इंग्रजी पाठ्यपुस्तकांत स्थानासाठी 'अंश सेल्सिअस' आणि फरकासाठी 'सेल्सिअस अंश' असा शब्दांचा क्रम मुद्दाम बदलतात. आपल्याकडेही हा प्रघात पाडायला हरकत नाही. 'ताप ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे दोन सेल्सिअस अंश जास्त' असे माझ्या भाच्याला कोणी शिकवले असते, तर मामा फसला नसता.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. घरातल्या थर्मामीटरची डबी काढा, त्यावर कोणती पट्टी आहे ते पाहा आणि कागदाच्या चिठ्ठीवर एवढे लिहून ती डबीला चिकटवा: ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२; ४० म्हणजे १०४. घरात कोणी आजारी पडले आणि फोनवरून डॉक्टरांना सांगायची वेळ आली, तर 'दोन अंश जास्त' असे सांगू नका. थर्मामीटरवर दिसतो तो आकडा पट्टीच्या नावासह सांगा. आमच्या घरच्या डबीवर आता अशी चिठ्ठी आहे, आणि भाच्याने त्याच्या वसतिगृहातल्या कपाटाच्या दारावरही एक लावली आहे.

शेवटी एक प्रश्न तुमच्यावर सोपवतो. उणे ४० अंश सेल्सिअस आणि उणे ४० अंश फॅरनहाइट ही एकच जागा आहे, हे तुम्ही आलेखावरून सहज शोधाल. तेथे दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे जुळतात. आता सांगा, तापमानातला असा एखादा फरक आहे का, की ज्याचा आकडा दोन्ही पट्ट्यांत सारखाच येतो? उत्तर शोधताना ३२ ची आठवण झाली, तर हा लेख पुन्हा एकदा वाचा.